तिसऱ्या रांगेतला ठिपका

टँकर येऊन गेल्यावर मोहनराव संगणकापाशी बसले तेव्हा साडेनऊ झाले होते, आणि पावणेदहाला त्यांच्या आयुष्यातलं एकमेव महत्त्वाचं वाक्य खोटं ठरलं होतं. मेल दक्षिणेतल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एका तरुण संशोधक बाईचा होता. ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात, मग सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या शोधनिबंधाबद्दल दोन ओळींचं कौतुक, आणि मग अगदी सौम्य शब्दांत एवढंच की तुमचा प्रयोग आम्ही पुन्हा केला, त्यात साबणासारखा एक पदार्थ किंचित घातला आणि निकाल उलटा आला. तुम्ही हयात आहात हे कळल्यामुळे छापण्याआधी कळवावंसं वाटलं. मोहनराव सहासष्ट वर्षांचे होते. बीडच्या कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. त्यांना धक्का असा बसला नाही. जिना चढताना मधल्या वळणावर पाय एकदम जड होतात आणि वरचा मजला आहे तिथंच राहिला तरी चालेल असं वाटतं, तसं काहीतरी झालं. आतून त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ओरडल्या, ‘‘पिंप भरलं, बादल्या राहिल्यात. आता पंधरा दिवस येत नाही तो.’’ मोहनराव उठले, बादल्या हौदाशी नेल्या, भरल्या, एकेक करून आत आणल्या. चौथी बादली उंबऱ्याला लागली आणि थोडं पाणी फरशीवर सांडलं. सावित्रीबाईंनी ते फडक्यानं टिपलं आणि फडकं कुंडीवर पिळलं. दुष्काळानं त्यांचंही बोलणं कमी केलं होतं.

ते वाक्य असं होतं: अश्वगंधेच्या पानातलं हे एन्झाइम वनस्पतीच्या स्वतःच्या स्टेरॉलला ग्लुकोज जोडतं, प्राण्यांच्या शरीरातल्या कोलेस्टेरॉलला जोडत नाही. बस, एवढंच. या एका वाक्यासाठी त्यांनी तीन उन्हाळे पानं वाटली होती. मोंढ्यापलीकडच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा, त्या बर्फात खल ठेवून पानं वाटायची, गाळायची, त्यातला एन्झाइम असलेला गाळ वेगळा करायचा, बारक्या काचेच्या नळ्यांत तो घालायचा, वर स्टेरॉल, वर ग्लुकोज देणारा तो महाग पदार्थ. मग तासाभरानं नळीतलं द्रावण थेंबाथेंबानं काचेच्या प्लेटवर लावायचं, प्लेट एका पेटीत उभी करायची, बाहेर काढून तिच्यावर आम्ल फवारून ती तापवायची. ग्लुकोज जोडलं गेलं असलं की जांभळा ठिपका उमटायचा. पहिल्या रांगेत बाहेरून काहीच घातलेलं नसायचं, तरी फिकट ठिपका यायचा, कारण पानाचं स्वतःचं स्टेरॉल गाळात असायचंच. दुसरी रांग वनस्पतीच्या स्टेरॉलची, ती जराशी गडद व्हायची. तिसरी कोलेस्टेरॉलची. ती पहिलीइतकीच फिकट राहायची. दोन्ही रेणू जवळजवळ सारखे, शेपटीला एक छोटा फाटा कमी-जास्त, आणि हे एन्झाइम त्यातला आपला कोणता ते ओळखतं! मोहनरावांना त्या काळी या गोष्टीचा इतका आनंद झाला होता की ते एकटेच चालत कंकालेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आले होते. लिंबागणेशच्या शेतकऱ्याच्या पोरानं, परदेश तर सोडाच, पुणंही नीट न बघता, असं काही शोधलं होतं. ते वाक्य पुढे दोन पाठ्यपुस्तकांत आलं. आता ती बाई सांगत होती की एन्झाइमनं काही ओळखलंच नव्हतं. पानाचं स्टेरॉल मुळातच त्याच्या शेजारी बसलेलं. बाहेरून घातलेलं कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, ते नळीच्या काचेला चिकटून राहिलं. एन्झाइमपर्यंत ते पोचलंच नाही. वनस्पतीचं स्टेरॉल बाहेरून घातलं तेव्हा त्यातलंही जेमतेम कणभर पोचलं असावं. साबणानं दोन्ही विरघळवली, आणि एन्झाइमनं दोन्ही सारख्याच ओढीनं घेतली.

साबण. त्या शब्दापाशी मोहनराव दुपारभर घुटमळले. पंखा बंद होता, वीज तीनला येणार होती, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या रिकाम्या टाक्या दिसत होत्या. सत्त्याऐंशी साल. तेव्हाही पाणी नव्हतं. प्रयोगशाळेला दिवसाला दोन बादल्या मिळायच्या, त्यातली एक शिपाई प्यायला ठेवायचा. आणि तेव्हा जाई होती. जाई साळवे, नांदूरघाटच्या बौद्ध वस्तीतली, चोवीस वर्षांची, एम. एस्सी. होऊन त्यांच्याकडे एम. फिल.ला आलेली. तिच्या गल्लीतून एवढं शिकलेलं कुणी नव्हतं, मुलगा नाही की मुलगी नाही. तिचं अक्षर टपोरं होतं आणि ती वहीत वेळेबरोबर खोलीतलं तापमानही लिहायची, ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला दिलेलं काम सोपं होतं, गुरूचाच प्रयोग पुन्हा करून थोडा पुढे न्यायचा. जूनमध्ये एके दिवशी ती प्लेट दोन्ही हातांत धरून त्यांच्या टेबलापाशी आली.

‘‘सर, तिसरी रांग बघा.’’

तिसऱ्या रांगेतला ठिपका पहिल्या रांगेच्या तिप्पट गडद होता. दुसराही तसाच. मोहनरावांनी प्लेट उजेडाला धरली आणि परत दिली.

‘‘नळ्या नीट धुतल्या नाहीत तुम्ही.’’

‘‘पाणी कमी हाय, सर. साबण लावून दोनदाच विसळता येतात.’’

‘‘दहादा विसळायच्या असतात. पुन्हा करा.’’

तिनं पुन्हा केलं. चारदा केलं. चारही वेळा तिसरा ठिपका गडद. चौथ्या वेळी मोहनरावांनी तिच्या वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘काम अस्वच्छ’. मग त्यांनी घरून पाण्याचा कॅन आणला, नळ्या स्वतः धुतल्या, बारा बारा वेळा विसळल्या, सगळा प्रयोग तिच्यासमोर केला. ठिपका फिकट आला. ‘‘बघा,’’ ते म्हणाले. जाईनं बघितलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘बरोबर हाय, सर. पण मग माझ्या नळीत काय होतं, ते तरी बघू या ना.’’ प्रश्न सरळ होता. कुठल्याही गुरूला हवा असतो तसा प्रश्न. मोहनराव दिवसभराच्या उन्हानं आणि पाणी वाहून थकले होते, म्हणाले, ‘‘घाण होती. दुसरं काय असणार?’’ शब्द तोंडातून गेला आणि खोलीत पडून राहिला. आज इतक्या वर्षांनी, गच्चीवरच्या टाक्यांकडे बघत, ते स्वतःला विचारत होते की हा शब्द त्यांनी दुसऱ्या कुठल्या विद्यार्थिनीला वापरला असता का. लिंबागणेशच्या घरी शेतावर येणाऱ्या महार गड्यांचे जर्मनचे पेले गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे असायचे. हे बघत ते मोठे झाले होते, मोठेपणी हे चूक आहे असं वर्गात सांगत आले होते, आणि ते खरंच तसं मानत होते. पण माणूस काय मानतो आणि दमल्यावर त्याच्या तोंडातून काय निघतं, या दोन वेगळ्या जागा असाव्यात. जाई दुसऱ्या दिवशी आली, वही टेबलावर ठेवली, पुढचे दोन दिवस आली नाही. तो भाग गाळल्याशिवाय प्रबंधावर सही करणार नाही, असा निरोप त्यांनी पाठवला. मग ती आलीच नाही.

तिचा बाप आला. हे मोहनरावांना आठवायचं नव्हतं आणि बाकी सगळ्यापेक्षा तेच स्वच्छ आठवत होतं. ज्ञानोबा साळवे रोजगार हमीवर तलावाचं काम करायचा. पायात माती, डोक्याला मुंडासं, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभा. आत या म्हटलं तरी आला नाही. ‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘पोरगी काई बोलत न्हाई. लई नाद होता तिला ह्याचा. काय चुकलं तिचं, तेवडं सांगा. आमी समजावतो तिला.’’ मोहनराव घाईत होते, तासाची घंटा झाली होती. त्यांनी बापाला समजेल असं सोपं सांगितलं. ‘‘नळ्या धुता येत नाहीत तिला नीट. या कामाला स्वच्छता लागते.’’ ज्ञानोबानं मान हलवली, दोनदा, जणू हे उत्तर त्यानं आधीही कुठंतरी ऐकलं होतं, आणि चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत तसाच अनवाणी गेला. या आठवणीच्या पलीकडे आणखी एक गोष्ट होती. दुपारच्या उकाड्यात मोहनराव तिच्या कडेपर्यंत गेले आणि परत फिरले.

त्यांनी दोन दिवस घालवून नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र तयार केलं. इंग्रजीत, सभ्य, एक पानी. ‘माझ्या विद्यार्थिनी जे. साळवे यांनी १९८७ मध्येच हा निकाल मिळवला होता. त्याकडे अनवधानाने दुर्लक्ष झाले.’ खाली जाईच्या संमतीच्या सहीसाठी जागा ठेवली. जाई कुठं असते हे त्यांना माहीत होतं, नेहमीच माहीत होतं. नेकनूरच्या एका लग्नात कुणीतरी सांगितलं होतं की ती नांदूरघाटला सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर आहे, आधी तपासनीस होती, आता केंद्रप्रमुख. लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईला सांभाळते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं निघाले. सावित्रीबाईंनी विचारलं, ‘‘एवढ्या उन्हात कशापायी?’’ ते म्हणाले, ‘‘एक सही घ्यायची आहे.’’ मांजरसुंब्याला गाडी थांबली, लिंबागणेशला जाणारे लोक उतरले. पुढे नेकनूर. दोन्ही बाजूंना रानं भाजून काढल्यासारखी, आणि मध्येच एका माळावर साखर कारखान्यानं चालवलेली जनावरांची छावणी, बांबूवर टाकलेली हिरवी जाळी, तिच्याखाली शेकडो जनावरं, ऊस चघळणारी, हलायचं सोडून दिलेली. मोहनरावांनी डोळे मिटले. ते मनातल्या मनात एक वाक्य घोळवत होते. मला माहीत नव्हतं, जाई. आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं. वाक्य ठीक होतं. तरी प्रत्येक खड्ड्याला ते थोडं सरकायचं आणि त्यांना ते पुन्हा जागेवर बसवावं लागायचं.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आत स्टेनलेस स्टीलची मोठी टाकी आणि काचेच्या नळ्यांचं एक टेबल. पिकल्या केसांची, चष्मा लावलेली एक बाई एका म्हातारीशी बोलत होती. म्हातारीच्या किटलीत तळाशी जेमतेम अर्धा लिटर दूध होतं. ‘‘बायनाबाई, एवढ्यासाठी कशाला चालत आलीस? घरी नातवाला पाज की.’’ म्हातारी म्हणाली, ‘‘रोज घालते म्हनून घालते. खंड नको.’’ जाईनं दूध मापलं, नमुना काढला, वहीत नोंद केली. तेच टपोरं अक्षर. मग तिनं वर बघितलं. तिनं त्यांना लगेच ओळखलं, आणि ती उठून उभी राहिली, जशी ती पूर्वी राहायची. मोहनरावांना तेच सहन झालं नाही.

‘‘बसा, सर. पार वाळलात तुमी.’’

त्यांनी मेलची छापील प्रत तिच्यापुढे ठेवली. तिनं ती सावकाश वाचली, एका जागी बोट ठेवून थांबली, पुढे वाचली. शेडमध्ये टाकीच्या यंत्राची घरघर चालू होती. पूर्वी ही टाकी दिवसातून दोनदा भरायची, आता दोन दिवसांतून एकदाही भरत नव्हती, तरी यंत्र तेवढंच चालवावं लागत होतं.

‘‘मला माहीत नव्हतं, जाई,’’ मोहनराव म्हणाले. ‘‘कुणालाच माहीत नव्हतं.’’

जाईनं कागद खाली ठेवला. ‘‘तुमाला माझं पत्र मिळालं नव्हतं का?’’

‘‘नाही,’’ मोहनराव म्हणाले.

ते इतक्या सहज निघून गेलं की त्यांचं त्यांनाही क्षणभर खरं वाटलं. जाई म्हणाली, ‘‘मग ठीक हाय. मला वाटायचं मिळालं आसंल,’’ आणि तिनं पुढची किटली जवळ ओढली, नळीत दूध घेतलं, नळी उजेडाला धरली. ती आता काही विचारणार नव्हती. परतीची गाडी चारला होती. ती पकडता आली असती, सही घेऊन, चहा पिऊन, सगळं नीट मिटवून. मोहनराव तिच्या हातातल्या नळीकडे बघत होते. एकोणनव्वद साल, निळं आंतरदेशीय पत्र, कॉलेजच्या पत्त्यावर आलेलं. कोपऱ्यात दुधाचा वाळलेला थेंब होता. ‘सर, मी दूध संघात तपासनीस म्हणून लागले आहे. इथं साबणानं लोणी पाण्यात कसं मिसळतं ते रोज बघते. माझ्या नळ्यांत साबण राहिला होता, तुम्ही म्हणत होता ते बरोबरच. पण त्या साबणामुळेच कोलेस्टेरॉल विरघळलं असेल का? स्वच्छ नळीत मुद्दाम एक थेंब घालून बघाल का? मला फक्त कळवा.’ त्यांनी ते उभ्यानं वाचलं होतं, मग बसून वाचलं. प्रयोग एका दुपारचा होता. पानं होती, बर्फ होता, सगळं होतं. तेव्हा त्यांची वरच्या पदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि फाइलमध्ये सगळ्यात वर तोच निबंध होता. आपण स्वतःला काय सांगितलं ते त्यांना आठवत होतं: पाणी नाही सध्या, पुढच्या महिन्यात करू. तो महिना चोवीस वर्षं लांबला. काय दिसेल हे ठाऊक असल्याशिवाय माणूस एवढा वेळ लावत नाही.

‘‘मिळालं होतं,’’ ते म्हणाले.

जाईनं नळी स्टँडमध्ये ठेवली.

‘‘दोनदा वाचलं होतं. प्रयोग करून बघितला नाही. उत्तरही दिलं नाही.’’

तिनं चष्मा काढला, तेव्हा डोळ्यांखालची कातडी अगदी पातळ, म्हाताऱ्या बाईसारखी दिसली. ‘‘मी दोन वर्षं टपालाची वाट बघितली,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘‘मग वाटलं, खरंच माझी चूक आसंल. घालून बघितलं आसंल सरांनी, आन् काई आलं नसंल. कशाला कळवतील? तवापासनं मी तो विचारच सोडला. सर, तुमी नुसतं ‘न्हाई बघत’ असं जरी लिहिलं आसतं तरी मी दुसरीकडं गेले आसते. कुणालातरी विचारलं आसतं.’’

मोहनरावांनी दुरुस्तीचं पत्र पुढे केलं. तिनं वाचलं, टेबलावरचं पेन उचललं आणि एका शब्दाखाली रेघ ओढली. ‘‘अनवधानानं?’’

‘‘काढतो.’’

‘‘आन् माझ्या पत्राचं बी लिहा. साल टाकून.’’

त्यांनी तिच्या टेबलावर, दूध संघाच्या कोऱ्या कागदावर, पत्र नव्यानं लिहिलं. निकाल १९८७ मध्ये मिळाला होता. त्यामागचं कारण १९८९ मध्ये लेखी कळवलं गेलं होतं. मी ते वाचलं आणि तपासलं नाही. इंग्रजीत ते फार लहान दिसत होतं. पुढे पावसाळ्यानंतर ते जसंच्या तसं छापून आलं, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. कॉलेजातल्या दोघा-तिघांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, एकानं निवृत्तीनंतर हे कशाला उकरलं म्हणून समजूत घातली. त्या दक्षिणेतल्या बाईनं आपल्या निबंधात जे. साळवे हे नाव पहिल्या परिच्छेदात घेतलं आणि जाईला अंक पाठवला. जाईनं तो वाचून कपाटात ठेवला असं मोहनरावांना नंतर कळलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पत्र लिहून झाल्यावर, जाईनं खाली सही केल्यावर, त्यांना वाटलं होतं की आता झालं, आणि ते उठले.

‘‘आईला सांगा आता,’’ जाई म्हणाली.

‘‘कुणाला?’’

‘‘आईला. आप्पांनी तुमच्याकडनं येऊन घरात जे सांगितलं, ते ती आजून धरून हाय. हिला धुता येत न्हाई म्हनून काढलं. मी भांडी घासायला बसले की आजून माझ्या हाताकडं बघते. मी सांगून पटत न्हाई तिला. साहेबांनीच सांगितलं होतं म्हनते. तुमी सांगा.’’

घर शेडच्या मागे, वस्तीच्या तोंडाशीच होतं. भर तीनचं ऊन, गल्लीत रिकाम्या घागरींची रांग टँकरची वाट बघत असलेली, घागरींच्या मालकिणी भिंतींच्या सावलीला बसलेल्या. पारूबाई दारातच बाजेवर बसली होती, ऐंशीच्या पुढची, पांढऱ्या भुवयांची. ‘‘ऐकू येत न्हाई तिला,’’ जाई म्हणाली. ‘‘मोठ्यानं बोला.’’ मोहनराव वाकले. त्यांनी आयुष्यभर वर्गात बोलून आवाज कमावला होता, पण पहिलं वाक्य हळूच निघालं. ‘‘मी बीडचा मास्तर,’’ ते म्हणाले. म्हातारीनं कानाला हात लावला. ते ओरडले, ‘‘जाईचा मास्तर! जाईचं काही चुकलं नव्हतं! माझं चुकलं होतं!’’ सावलीतल्या बाया बोलायच्या थांबल्या. पलीकडच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

‘‘काय चुकलं म्हनतो?’’ पारूबाईनं जाईला विचारलं.

जाई भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिनं मदत केली नाही.

‘‘तिनं बरोबर केलं होतं!’’ मोहनरावांचा आवाज फाटला. ‘‘मला ते कळलं होतं! मी लपवलं!’’ हा शेवटचा शब्द त्यांनी आजवर स्वतःशीही उच्चारला नव्हता, आणि आता तो गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. तिला हळूहळू ते पोचत होतं. तिनं मान वळवून जाईकडे बघितलं, लेकीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली. जाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग पारूबाईनं विचारलं, ‘‘जाईच्या आप्पाला सांगितलं का हे?’’

ज्ञानोबाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हातारी कधी कधी विसरते, एवढं जाई हळू म्हणाली. मोहनराव पुन्हा वाकले, तिच्या कानाशी गेले.

‘‘नाही!’’ ते मोठ्यानं म्हणाले. ‘‘त्यांना सांगायचं राहिलं.’’